पाढे पाठ नसलेली ज्योतिर्विद : कॅरोलाइन हर्षल

मराठी पंचांग चाळणाऱ्या घरांत 'हर्षल' हे नाव अपरिचित नाही. शनीच्या पलीकडे असलेल्या ज्या ग्रहाला जगभर युरेनस म्हणतात, त्याला आपल्याकडे त्याच्या संशोधकाच्या आडनावाने ओळखण्याचा प्रघात पडला. १३ मार्च १७८१ रोजी इंग्लंडमधील बाथ या गावी विल्यम हर्षल याने घरी घडवलेल्या दुर्बिणीतून हा ग्रह पाहिला आणि त्याचे नाव आकाशात कायमचे कोरले गेले. मात्र त्याच घरात, त्याच आडनावाची आणखी एक व्यक्ती होती, जिच्या हातून पुढे आठ धूमकेतू आणि कितीतरी अंधुक तेजोमेघ उजेडात आले. जिच्या नीटस अक्षरांतील नोंदींवर आजच्या दीर्घिकांच्या सूचीचा पाया उभा आहे. ती म्हणजे विल्यमची धाकटी बहीण कॅरोलाइन ल्युक्रेशिया हर्षल.

कॅरोलाइनचा जन्म १६ मार्च १७५० रोजी जर्मनीतील हॅनोव्हर येथे झाला. वडील आयझॅक हे लष्करी वाद्यवृंदात ओबो वाजवीत. घर गरिबीचे, पण संगीताचे आणि चर्चेचे. मुलांनी वाद्ये शिकावीत, गणित आणि तत्त्वज्ञान यांवर वाद घालावेत, याचे वडिलांना कौतुक होते. आई ॲना यांचा संसाराकडे पाहण्याचा दृष्टिकोन वेगळा होता. दहा अपत्ये, लढाईमुळे वर्षानुवर्षे घराबाहेर राहून प्रकृती गमावलेला नवरा आणि तुटपुंजी मिळकत यांतून त्यांनी घर रेटले होते. मुलगे शिकले आणि दूर निघून गेले, ही त्यांची सल होती. शिक्षण कमी असते तर मुले डोळ्यांसमोर राहिली असती, असे त्यांना मनापासून वाटे. म्हणून निदान मुलीच्या बाबतीत ती चूक होऊ द्यायची नाही, असा त्यांचा निश्चय होता. कॅरोलाइनने लिहावे-वाचावे एवढे पुरे. विणकाम, शिवण, धुणे आणि स्वयंपाक हेच तिचे शास्त्र.

त्यात शरीरानेही साथ दिली नाही. लहानपणी देवी आल्या आणि चेहऱ्यावर व्रण ठेवून गेल्या. दहाव्या वर्षी टायफसच्या तापाने तिला गाठले आणि तिची वाढच खुंटली; उंची सव्वाचार फुटांच्या पुढे गेलीच नाही. रूप नाही, हुंडा नाही, तेव्हा लग्नाची आशा धरू नये, असे घरच्यांनी तिला स्पष्ट सांगून टाकले. घरातली न बोलणारी मोलकरीण हेच तिचे भवितव्य ठरले. आई घरात नसताना वडील तिला चोरून थोडे व्हायोलिन शिकवीत. एका थंडीच्या निरभ्र रात्री त्यांनी तिला रस्त्यावर नेऊन काही तारकासमूह आणि त्या वेळी दिसणारा एक धूमकेतू दाखवला होता. ही आठवण तिने आयुष्यभर जपली. १७६७ मध्ये वडील वारले आणि तो आधारही संपला.

विल्यम तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा. तो इंग्लंडला जाऊन संगीतकार म्हणून स्थिरावला होता आणि बाथच्या ऑक्टॅगन चॅपेलमध्ये ऑर्गन वाजवीत होता. बहिणीला गायन शिकवून आपल्या कार्यक्रमांत घ्यावे, अशी कल्पना त्याने मांडली. आई राजी होईना. शेवटी मुलीच्या जागी कामाला बाई ठेवता यावी म्हणून विल्यमने आईला दरवर्षी ठरावीक रक्कम देण्याचे कबूल केले, तेव्हा कुठे परवानगी मिळाली. ऑगस्ट १७७२ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, कॅरोलाइनने हॅनोव्हर सोडले. एका मोलकरणीच्या पगाराइतकी किंमत मोजून विज्ञानाला ती मिळाली, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

बाथमध्ये तिचे शिक्षण न्याहारीच्या मेजावर सुरू झाले. इंग्रजी, जमाखर्च, थोडे अंकगणित, मग बीजगणित आणि भूमिती, असे विल्यम जमेल तेव्हा, तुकड्यातुकड्यांनी शिकवी. हे शिक्षण फार उशिरा आले. पाढे तिला अखेरपर्यंत पाठ झाले नाहीत. पाढ्यांचा कागद ती नेहमी जवळ बाळगी. जिने पुढे हजारो खस्थ वस्तूंची स्थाने गणिताने निश्चित केली, तिच्या हाताशी शेवटपर्यंत तो पाढ्यांचा कागद होता. पाठांतराची वेळ निघून गेल्यावरही शिकण्याची वेळ निघून जात नाही, याचे याहून बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

गायनात मात्र तिने झपाट्याने प्रगती केली. हँडेलच्या 'मेसाया' या रचनेत ती मुख्य गायिका म्हणून उभी राहिली आणि बर्मिंगहॅमच्या संगीत महोत्सवाचे बोलावणेही तिला आले. भावाखेरीज अन्य कोणाच्या दिग्दर्शनाखाली गाणार नाही म्हणून तिने ते नाकारले. तोवर विल्यमला आकाशाचे वेड लागले होते. दुर्बिणी विकत घेणे परवडेना, म्हणून तो तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचे आरसे स्वतः ओतू लागला. घराच्या खोल्यांची कर्मशाळा झाली. आरसा ओतण्याच्या साच्यासाठी घोड्याची लीद कुटून चाळण्याचे काम कॅरोलाइनने केले. आरशाला झिलई देताना हात थांबवून चालत नाही. एकदा विल्यमने सोळा तास आरशावरून हात उचलला नाही. त्या वेळी ती त्याच्या तोंडात घास भरवीत असे आणि काम कंटाळवाणे होऊ नये म्हणून त्याला अरबी कथा वाचून दाखवीत असे.

युरेनसच्या शोधाने दिवस पालटले. राजा तिसरा जॉर्ज याने विल्यमला वर्षाला २०० पौंडांचे मानधन दिले आणि १७८२ मध्ये भाऊ-बहीण विंडसरजवळ डॅचेट येथे राहायला गेले. संगीत सुटले. कॅरोलाइनच्या गायनाचाही तिथेच शेवट झाला. तिला कोणी विचारले नाही. स्वतःच्या कमाईचे एकमेव साधन गेले होते. विल्यमने तिच्या हाती एक लहान दुर्बीण दिली आणि आकाश झाडून काढावे तसे ते पट्ट्यापट्ट्यांनी पाहत जाण्यास सांगितले. सुरुवातीला तिचे मन त्यात रमले नाही. दवाने भिजलेल्या गवतावर, कडाक्याच्या थंडीत, हाकेच्या अंतरावर माणूस नसताना रात्र काढणे तिला जड गेले.

पण हळूहळू आकाश ओळखीचे झाले. अंधुक वस्तू पाहणे ही केवळ चांगल्या दुर्बिणीची गोष्ट नसते, ती डोळ्यांची साधना असते. उजेडातून अंधारात आलेल्या डोळ्यांना पूर्ण जागे व्हायला अर्धा तास तरी लागतो, आणि दिव्याकडे क्षणभर पाहिले तरी ती कमाई वाया जाते. तेजोमेघाचा प्रकाश ताऱ्यासारखा एका बिंदूत एकवटलेला नसतो. तो पसरलेला, विरळ, आकाशाच्या काळसरपणाहून जेमतेम वेगळा असतो. त्याच्याकडे थेट रोखून पाहिले तर तो नाहीसा होतो आणि नजर किंचित बाजूला वळवली की पुन्हा उमटतो, कारण मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्यभागी नसून कडेला दाट असतात. तिथे खरोखर काही आहे की मनाचा भास आहे, हा प्रश्न प्रत्येक वेळी पडतो. त्याचे उत्तर एकच : पुन्हा पाहायचे, दुसऱ्या रात्री पाहायचे आणि नकाशाशी ताडून पाहायचे. हा संयम घरकामाच्या शिस्तीत वाढलेल्या कॅरोलाइनपाशी भरपूर होता.

२६ फेब्रुवारी १७८३ रोजी बृहल्लुब्धक तारकासमूहात तिला एक तारकागुच्छ दिसला. तो कोणत्याही यादीत नव्हता. त्याच वर्षी २७ ऑगस्टला देवयानीतील मोठ्या तेजोमेघाशेजारी एक फिकट पुंजका तिच्या नजरेस पडला. फ्रान्सचा ज्योतिर्विद शार्ल मेसिए याने तो दहा वर्षांपूर्वी पाहिला होता, पण ते त्याने प्रसिद्ध केले नव्हते. कॅरोलाइनचा शोध सर्वस्वी स्वतंत्र होता. आणि २३ सप्टेंबर १७८३ रोजी, दक्षिण क्षितिजालगत, तिने तिच्या सर्व तेजोमेघांत श्रेष्ठ ठरेल असा शोध लावला. आज त्या वस्तूला एनजीसी २५३, अर्थात शिल्पकार दीर्घिका म्हणतात. डॅचेटहून ती क्षितिजाच्या वर जेमतेम तेरा अंश येते. धूर, धुके आणि हवेचा जाड थर यांच्या आडून आलेला तो लांबट प्रकाश तिने सव्वाचार इंच व्यासाच्या दुर्बिणीतून वेचून काढला.

त्या काळी आकाशातील असे ज्ञात पुंजके शंभरच्या आसपास होते. मेसिएच्या यादीत १०३ वस्तू होत्या आणि बहुतेकांना वाटे की, पाहण्याजोगे जे होते ते पाहून झाले आहे. बहिणीच्या लहानशा दुर्बिणीला वर्षभरात डझनभर नव्या वस्तू सापडल्या, तेव्हा आकाशात त्या किती असतील, याची विल्यमला कल्पना आली. ऑक्टोबर १७८३ मध्ये त्याने आपली वीस फूट लांबीची दुर्बीण तेजोमेघांच्या शोधासाठी सज्ज केली. विज्ञानाच्या दृष्टीने ही मोठी सुरुवात होती. कॅरोलाइनच्या दृष्टीने मात्र तो एक त्याग होता. नुकताच कुठे स्वतःच्या निरीक्षणाचा आनंद मिळू लागला होता, आणि आता तिला भावाच्या दिमतीला बसायचे होते.

ही दिमत कशी होती, हे समजून घेण्याजोगे आहे. विल्यम उंच मचाणावर दुर्बिणीशी उभा राही. दिव्याच्या उजेडात लिहायला खाली उतरला, तर डोळ्यांची अंधाराची सवय मोडणार. म्हणून तो जे पाही ते ओरडून सांगे. कॅरोलाइन खिडकीशी दिवा, घड्याळ आणि ताऱ्यांची सूची घेऊन बसे. वेळ, उंची आणि वर्णन टिपून घेई आणि लिहिलेले पुन्हा मोठ्याने वाचून दाखवी. कधी दौतीतली शाई गोठे. सकाळी विल्यम झोपलेला असताना ती रात्रीच्या नोंदी शुद्ध करून, गणिते करून प्रत्येक वस्तूचे स्थान निश्चित करी. ३१ डिसेंबर १७८३ च्या रात्री बर्फ वितळत असताना ढग फाकले. घाईने धावताना ती घसरली आणि दुर्बिणीच्या चौकटीचा लोखंडी आकडा तिच्या मांडीत घुसला. मांसाचा लचका तिथेच राहिला. पुढे ही हकिकत लिहिताना तिने समाधान मानले ते याचे, की ती उरलेली रात्र ढगाळ होती आणि आपल्यामुळे भावाच्या निरीक्षणाचे नुकसान झाले नाही.

अशा वीस वर्षांच्या जागरणांतून हर्षलच्या तीन सूची तयार झाल्या : १७८६ मध्ये एक हजार, १७८९ मध्ये आणखी एक हजार आणि १८०२ मध्ये पाचशे. शंभरांवरून अडीच हजारांवर गेलेल्या या संख्येतील प्रत्येक आकडा कॅरोलाइनच्या हाताखालून गेलेला आहे. विल्यमने तिचे श्रेय झाकले नाही. तिने शोधलेल्या वस्तूंपुढे सूचीत तिच्या नावाची आद्याक्षरे छापलेली आहेत.

विल्यम घरी नसे तेव्हा मात्र आकाश तिचे असे. १७८६ च्या उन्हाळ्यात तो जर्मनीला गेला होता. दिवसा हिशेब, पाहुणे, मजुरांवर देखरेख आणि सूचीची गणिते, रात्री छोटी दुर्बीण, असा तिचा क्रम चालू होता. १ ऑगस्टच्या रात्री तिला एक अस्पष्ट ठिपका दिसला. तेजोमेघ आणि धूमकेतू दुर्बिणीत सारखेच दिसतात; फरक इतकाच की धूमकेतू जागा सोडतो. दुसऱ्या रात्री तो ठिपका सरकलेला होता. तिने ताबडतोब रॉयल सोसायटीच्या सचिवांना पत्र लिहिले. चारच दिवसांत सोसायटीचे अध्यक्ष स्वतः तो धूमकेतू पाहायला तिच्या अंगणात आले. तिचे निवेदन सोसायटीपुढे वाचले गेले, जिथे सभासद म्हणून स्त्रीला प्रवेश नव्हता.

१७९७ पर्यंत तिने एकूण आठ धूमकेतू पाहिले. त्यांतील १७८८ चा धूमकेतू १९३९ मध्ये परत आल्यावर पुन्हा ओळखला गेला आणि त्याला तिचे आडनाव मिळाले. १७९५ चा धूमकेतू पुढे एन्केचा धूमकेतू म्हणून प्रसिद्ध झाला. शेवटच्या धूमकेतूच्या वेळी टपालावर विसंबून न राहता ती घोड्यावर बसून थेट ग्रिनिच वेधशाळेत राजज्योतिर्विदांकडे गेली. तिचे वय तेव्हा सत्तेचाळीस होते.

१७८७ मध्ये राजाने भावाची सहायक म्हणून तिला वर्षाला ५० पौंड वेतन मंजूर केले. रक्कम लहान होती. पण आपल्या मर्जीप्रमाणे खर्च करता येईल असा तो तिच्या आयुष्यातील पहिलाच पैसा होता, आणि इंग्लंडमध्ये वैज्ञानिक कामासाठी स्त्रीला मिळालेले ते पहिले वेतन मानले जाते. पुढच्याच वर्षी विल्यमने मेरी पिट या विधवेशी विवाह केला. सोळा वर्षे सांभाळलेल्या घराच्या किल्ल्या कॅरोलाइनने सोपवल्या आणि ती स्वतंत्र बिऱ्हाडात राहू लागली. त्यानंतरच्या दहा वर्षांची रोजनिशी तिने पुढे नष्ट केली. त्या पानांवर काय होते याची कल्पना करता येते. पण रागाच्या भरात लिहिलेले मागे ठेवायचे नाही, हा तिचा निर्णय तिच्या स्वभावाला साजेसा होता. पुढे वहिनीशी तिचे सख्य जुळले आणि १७९२ मध्ये जन्मलेला भाचा जॉन तिच्या जीवनाचा आनंद झाला.

त्याच दशकात तिने एक निरस वाटणारे, पण अत्यंत मोलाचे काम पूर्ण केले. जॉन फ्लॅमस्टीड याची सुमारे तीन हजार ताऱ्यांची सूची ज्योतिर्विदांची रोजच्या वापरातील पोथी होती, परंतु तिच्यात चुका होत्या. कॅरोलाइनने मूळ निरीक्षणे आणि सूची शब्दशः ताडून पाहिली, चुका काढल्या आणि सुटलेले साडेपाचशेहून अधिक तारे नोंदवले. हे काम रॉयल सोसायटीने १७९८ मध्ये प्रसिद्ध केले.

ऑगस्ट १८२२ मध्ये विल्यम गेला. दुःखाच्या भरात, बहात्तर वर्षांची कॅरोलाइन पन्नास वर्षांचे इंग्लंड सोडून हॅनोव्हरला परतली. हा निर्णय चुकल्याचे तिला लवकरच जाणवले. ओळखीची माणसे उरली नव्हती आणि समोरच्या घरांच्या छपरांनी आकाश झाकले होते. दुर्बीण निरुपयोगी झाली, पण कागद होता. भाचा जॉन वडिलांच्या तेजोमेघांचे पुन्हा निरीक्षण करू इच्छीत होता आणि विल्यमच्या सूचींची रचना त्या कामाला सोयीची नव्हती. वस्तू प्रकारानुसार विभागलेल्या होत्या. रात्री दुर्बीण एका पट्ट्यावर रोखली तर त्या पट्ट्यात काय काय येईल, हे त्यांतून कळत नसे. कॅरोलाइनने सर्व अडीच हजार वस्तू आकाशाच्या एकेका अंशाच्या पट्ट्यानुसार नव्याने मांडल्या, प्रत्येकीचे स्थान पुन्हा काढले आणि ते हस्तलिखित जॉनकडे पाठवून दिले. ते कधीही छापले गेले नाही. त्याच्याच आधारे जॉनने उत्तरेचे आकाश पुन्हा तपासले आणि १८३३ मध्ये नवी सूची दिली. पुढे दक्षिण आफ्रिकेतील केपला जाऊन त्याने दक्षिण आकाशही पूर्ण केले. जॉनची १८६४ ची साधारण सूची आणि तिच्यावर आधारलेली ड्रायर याची १८८८ ची ७,८४० वस्तूंची 'न्यू जनरल कॅटलॉग' ही या परंपरेची पुढची फळे होत. आज जगभर दीर्घिकांपुढे लिहिली जाणारी 'एनजीसी' ही अक्षरे त्याच सूचीची आहेत.

सन्मान आले ते उतारवयात. १८२८ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने तिला सुवर्णपदक दिले; ते पुन्हा एका स्त्रीला मिळायला १९९६ साल उजाडावे लागले. १८३५ मध्ये मेरी सॉमरव्हिल हिच्याबरोबर तिला सोसायटीचे सन्माननीय सदस्यत्व मिळाले. शहाण्णवाव्या वर्षी प्रशियाच्या राजाने विज्ञानासाठीचे सुवर्णपदक पाठवले. या सगळ्याने ती संकोचून जाई. आपण केवळ भावाच्या हातातील साधन होतो, असे ती सांगत राही. तिच्या या म्हणण्यावर विश्वास ठेवणे सोपे आहे, पण तो न्याय नव्हे. लहानपणी जिला सतत तिची पायरी दाखवली गेली, तिला स्वतःचे मोल स्वतःच्या तोंडाने सांगता आले नाही, इतकाच त्याचा अर्थ. साधन आपण होऊन साडेपाचशे सुटलेले तारे शोधत नाही.

केपच्या निरीक्षणांचा जॉनचा ग्रंथ १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याची प्रत तिच्या हाती पोचली. सहा दशकांपूर्वी ओल्या गवतावर सुरू झालेला आकाशाचा झाडा पूर्ण झालेला तिने पाहिला. ९ जानेवारी १८४८ रोजी, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी, ती निवर्तली. तिच्या इच्छेप्रमाणे शवपेटीत दोन वस्तू ठेवल्या होत्या : विल्यमच्या केसांची एक बट आणि वडिलांनी वापरलेले एक जीर्ण पंचांग.

ते फिकट पुंजके नेमके काय आहेत, हे तिला कळले नाही. १९२० च्या दशकात एडविन हबलने देवयानीच्या तेजोमेघाचे अंतर मोजले आणि त्यांतील कित्येक पुंजके आपल्या आकाशगंगेसारखी स्वतंत्र विश्वे असल्याचे सिद्ध झाले. तिने सप्टेंबर १७८३ मध्ये पाहिलेला प्रकाश सुमारे १ कोटी १० लाख वर्षांपूर्वी निघालेला होता.

आपल्या देशातील निरीक्षकांवर या दीर्घिकेची विशेष कृपा आहे. डॅचेटला क्षितिजाशी रेंगाळणारी ही वस्तू मध्य भारतातून चाळीस अंशांहून वर चढते. कार्तिक अमावास्येच्या सुमारास, रात्री नऊच्या आसपास, शहराच्या दिव्यांपासून दूर जाऊन तिमिंगल समूहातील ठळक ताऱ्याच्या थोडे दक्षिणेला साध्या द्विनेत्रीने शोधले, तर ती लांबट धुरकट रेषेसारखी दिसते. हौशी निरीक्षकांच्या कितीतरी पिढ्यांनी ती अशीच पाहिली आहे. मुलाबाळांना घेऊन जाणाऱ्यांनी आधी अर्धा तास डोळ्यांना अंधार द्यावा, मोबाइल खिशात ठेवावा आणि नजर किंचित बाजूला वळवावी. जे दिसेल त्याची तारीख, वेळ आणि वर्णन मुलांकडून वहीत लिहून घ्यावे. कॅरोलाइनची सुरुवात तशाच एका वहीपासून झाली होती.